नकाशात नसलेली गल्ली

समाजशास्त्र शिकवणाऱ्याचं एक दुःख असतं, आणि ते स्टाफरूमबाहेर कोणाला सांगून कळत नाही. नीलाचं ते दुःख तिच्या नोकरीइतकंच जुनं होतं. जालन्याच्या कॉलेजात ती फळ्यावर नावं लिहायची ती फ्रान्सची, जर्मनीची, अमेरिकेची. ती उच्चारता उच्चारता पोरांच्या नाकी नऊ यायचे. मग उदाहरण विचारलं की पोरं आपापल्या गावचं सांगायची: आमच्या भावकीत असं झालं, आमच्या पाहुण्यांत तसं झालं. विचार यायचा तिकडून आणि उदाहरण जायचं इकडून. कापूस आपण पिकवायचा आणि कापड मात्र त्यांच्याकडून आणायचं, त्यातलीच ही गत. ‘‘आपल्याकडं काय डोकी नाहीत का?’’ असं ती तावातावानं म्हणायची. सहकारी माना डोलवायचे आणि चहा संपवून तासाला जायचे.

त्यामुळं रांगोळीच्या नकाशाचं जे झालं, त्यानं नीलाला आभाळ ठेंगणं वाटायला लागलं, यात नवल नव्हतं.

झालं होतं असं. पुण्याच्या एका शिबिरात तिला एक पद्धत शिकवली होती. गावाचा नकाशा साहेबानं कागदावर काढायचा नाही, गावानंच जमिनीवर काढायचा. काठीनं मातीत रेघा ओढायच्या, विहिरीच्या जागी खडा, झाडाच्या जागी पाला. गावाला जे दिसतं ते कळतं, आणि मग नळ, रस्ता, अंगणवाडी कुठं हवी ते गावच सांगतं. ही पद्धत निघाली कुठून हे शिबिरातल्या कोणालाच नक्की सांगता येईना. कोणी आफ्रिका म्हणालं, कोणी थायलंड म्हणालं. या देशातून त्या देशात फिरत फिरत ती पुण्याला पोचली होती आणि पुण्याहून नीलाच्या पिशवीतून जालन्याला आली.

जालन्यात मात्र ती पहिल्याच गावात आपटली. काठी आली ती पुरुषांच्या हातात. त्यांनी रस्ता काढला, देऊळ काढलं, ग्रामपंचायत काढली आणि ‘झालं बघा गाव’ म्हणून तंबाखू मळायला बसले. बाया पदर सावरत भिंतीशी उभ्याच. चार माणसांत मातीत उकिडवं बसून काठीनं रेघोट्या ओढायच्या, हे कोणाला जमण्यासारखं नव्हतं.

पुढच्या खेपेला शहागडला जाताना नीलानं जुन्या जालन्याच्या बाजारातून रांगोळीच्या पिशव्या घेतल्या. पांढरी, निळी, हिरवी, गेरूची. आणि तिथं जादू झाली. ज्या बायांनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती, त्यांची चिमूट मात्र लहानपणापासून तयार होती. बघता बघता गोदावरी निळीशार वाहायला लागली, हायवे आला, ट्रकवाल्यांचे ढाबे आले, कुठल्या हापशाला किती हापसलं की पाणी येतं तेही आलं. आणि सगळ्यात मोठी गंमत अशी की पुरुषांना आत येताच येईना. रांगोळीवर पाय कोण देणार? पुढारी म्हणवणारी माणसं काठावर उभी राहून मान लांब करून बघत होती आणि बाया आत बसून गाव ठरवत होत्या. नीलानं यात काही केलं नव्हतं. फक्त काठीच्या जागी रांगोळी दिली होती.

त्याचा फोटो तिनं एका ऑनलाइन परिषदेत दाखवला. केनियातल्या किसुमूच्या एक प्राध्यापिका, डॉ. अकिन्यी, तो बघून इतक्या खूश झाल्या की दुसऱ्याच दिवशी त्यांची मेल आली. पाच देशांतल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांसाठी त्या एक हस्तपुस्तक लिहीत होत्या. त्यात एक प्रकरण ‘रांगोळीचा नकाशा’, मथळ्याखाली नीलाचं नाव. मात्र एकदा प्रत्यक्ष बघायचं होतं. ‘काठी आमच्याकडून तुमच्याकडं आली असेल तर रंग तुमच्याकडून आमच्याकडं येऊ दे,’ असं त्यांनी लिहिलं होतं. नीलानं ते वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, आईला वाचून दाखवलं आणि कामवाल्या बाईंनाही मराठीत करून सांगितलं.

प्रत्यक्ष बघण्यासाठी तिनं परतूर तालुक्यातली आष्टी निवडली. आष्टी मोठं गाव, पण ओढ्यापलीकडची वस्ती आटोपशीर होती. तिथं तीन सार्वजनिक नळ मंजूर झाले होते आणि जागा ठरायच्या होत्या. नळ मंजूर झाले तेही कौसल्याबाईंमुळं. विहिरीमागच्या गल्लीत राहणारी ही बाई बचतगटाच्या प्रत्येक बैठकीत पाण्याचंच बोलायची. दुसरा विषय निघाला तरी फिरून पाण्यावर यायची, इतकी की बाया तिला हसायच्या. नीला गेली की हटकून तिच्याच घरी चहा व्हायचा.

अकिन्यीबाई यायच्या आठवड्यात बचतगटाच्या अध्यक्ष साळूबाई यांचा फोन आला.

‘‘मॅडम, कौसल्या गेली. ताप आल्ता, जालन्याला नेऊन राह्यले तर वाटंतच.’’ साळूबाईंचा आवाज बसला होता. ‘‘मंग त्ये नकाशाचं फुडं ढकलायचं का?’’

नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसता पुसता तिच्या डोक्यात अकिन्यीबाईंचं विमानाचं तिकीट आलं, कॉलेजनं काढलेलं परिपत्रक आलं, आणि नकाशाच्या दुसऱ्या दिवशीची ग्रामसभाही आली.

‘‘ढकलता नाही यायचं, साळूबाई. त्या लांबून येतायत. आणि कौसल्याबाईंचंच काम आहे ना हे? ठरल्याप्रमाणं करू.’’

‘‘बरं,’’ साळूबाई म्हणाल्या. त्या क्षणभर थांबल्या, पण पुढं काही बोलल्या नाहीत.

ठरल्या दिवशी मारुतीच्या पारापुढचं अंगण बायांनी सकाळीच सारवून ठेवलं होतं. अकिन्यीबाई उंच, पन्नाशीच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. गाडीतून उतरल्या त्या थेट बायांच्या घोळक्यात शिरल्या. त्यांना कुंकू लागलं, गजरा मिळाला, आणि ‘ह्यांच्यात बी नवरे असंच करतेत का’ इथपर्यंत चौकशा झाल्या. नीला इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करून करून दमली, पण मनातून फुलून आली होती.

नकाशा झकास झाला. जन्नतबी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्यात रांगोळी न्हाई काढत, पन मी सांगते तसं काढा.’’ आणि साळूबाईंच्या सुनेच्या पाठीशी बसून त्यांनी आपली अख्खी गल्ली काढून घेतली. ‘‘दरवाजा इकडं गं. हां, बराबर. मागं शेळ्या. बिलकुल भिंतीला लावून.’’ हे नीलानं अकिन्यीबाईंना मुद्दाम दाखवलं. आमच्या नकाशात कोणी बाहेर राहत नाही, असंही वर म्हणाली.

घरं झाली, ओढा झाला, बोरी-बाभळी झाल्या. जिथून पाणी लांब पडतं अशा तीन जागी बायांनी नळाची खूण म्हणून हळदीच्या चिमटी सोडल्या. तिसरी चिमूट पडली ती साळूबाईंच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. ग्रामसेवक रामकिसन यांनी ओट्यावर चढून फोटो काढला आणि उद्याच्या ग्रामसभेला हाच ठेवू म्हणून ते निघूनही गेले.

अकिन्यीबाई नकाशाभोवती एक चक्कर मारून आल्या. मग म्हणाल्या, ‘‘एक विचारू? तुमचे गेलेले लोक कुठं आहेत?’’

नीलाला कळलं नाही.

‘‘आमच्याकडं नकाशा काढायला सांगितला की बाया आधी कबर काढतात. सासऱ्यांची, आजेसासूची. घराच्या अंगणातच असते ना. कबरीवरून जमीन कोणाची ते कळतं. मग घर, मग विहीर. इथं मला एकही गेलेलं माणूस दिसत नाही.’’

नीलानं ते मराठीत सांगितलं, तशा बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

‘‘अगं बाई! रांगोळीत मसणवटा?’’ साळूबाई म्हणाल्या. ‘‘शुभाच्या कामात कोन काढतं?’’

नीलानंही हसत ते इंग्रजीत सांगितलं. रांगोळी म्हणजे मंगल, त्यात अमंगल काढत नाहीत. अकिन्यीबाईंना हे फार आवडलं. त्यांनी ते लगेच टिपून घेतलं आणि सहज विचारलं, ‘‘मग तिकडं जायचा रस्ता कुठून आहे?’’

नीलाची नजर रस्ता शोधायला गेली. मसणवट्याचा रस्ता जातो विहिरीमागून. नकाशात विहीर होती, पांढऱ्या वर्तुळात निळी. तिच्यामागं काही नव्हतं. सारवलेली जमीन होती.

विहिरीमागची गल्ली नकाशात नव्हती. एकच भावकी राहते तिथं, सगळी एका रांगेत. कौसल्याबाईंचं घर, त्यांच्या जावेचं घर, पुतण्यांची, चुलत्यांची. नीलानं तिथं किती वेळा चहा प्यायला होता. आणि त्या गल्लीतलं एकही माणूस अंगणात नव्हतं, हे तिला आत्ता दिसलं. कौसल्याबाईंचा दहावा व्हायचा होता. साऱ्या भावकीला सुतक. सुतकातल्या घराच्या दारात रांगोळी पडत नाही, सुतकातली बाई रांगोळीला हात लावत नाही, आणि दुसरं कोणी त्या घराच्या नावानं रंग सोडत नाही. हे अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. नीलालाही माहीत होतं. तिची आजी गेली तेव्हा तिच्या स्वतःच्या दारात रांगोळी नव्हती. इतकं माहीत होतं की ते डोक्यात आलंच नाही. फोनवर साळूबाई का थांबल्या होत्या, तेही आता कळलं.

‘‘रस्ता?’’ अकिन्यीबाईंनी पुन्हा विचारलं.

‘‘तो गावाबाहेर आहे,’’ नीला म्हणाली.

हे काही धडधडीत खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. सगळं तिच्यासमोर स्पष्ट होतं. अकिन्यीबाईंना काही कळलेलं नव्हतं आणि कळण्याचं कारणही नव्हतं. त्या उद्या परत जाणार, प्रकरण लिहिणार, मथळ्याखाली ‘नीला, जालना’ असं छापलं जाणार. पाच देशांत पोरं तिचं नाव उच्चारताना अडखळणार. फक्त गप्प राहायचं होतं. रामकिसन यांना नंतर हळूच सांगून नळाचं काही करता आलं असतं. नाहीच आलं तर नंतर बघू.

जेवण साळूबाईंकडं होतं. पाहुण्यांना पिठलं कसं करतात ते बघण्यात गुंतवून नीला एकटीच उठली आणि विहिरीमागं गेली.

कौसल्याबाईंची थोरली जाऊ गिरिजाबाई ओसरीवर बसल्या होत्या. नीला जवळ जाऊन टेकली. बराच वेळ कौसल्याबाईंचंच बोलणं झालं. मग नीलानं न राहवून नकाशाचं काढलं.

‘‘तुमची गल्ली राहिली, गिरिजाबाई.’’

‘‘ऱ्हानारच की,’’ गिरिजाबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. ‘‘आमाला सुतक. आमी कशा येनार?’’

‘‘पण मग नळ?’’

‘‘पुढच्या बारीला मिळंल.’’

हे त्या इतक्या सहज बोलल्या की नीलाला तोंड लपवावंसं वाटलं. ज्या बाईनं बैठकीमागून बैठकीत पाणी पाणी केलं, तिच्याच मरणानं तिच्या गल्लीचं पाणी गेलं होतं. तेही कोणाच्या वाईटपणानं नाही. सगळ्यांनी आपापली रीत सांभाळली होती.

‘‘आता येता का तुम्ही? मी रंग आणते. साळूबाईंशी बोलते,’’ नीला घाईघाईनं म्हणाली.

गिरिजाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर दुखावल्यासारखं काहीतरी आलं. ‘‘मॅडम, कोनी आडवलं म्हनून न्हाई बसले मी. कौसल्या जाऊन आठवडा व्हायला न्हाई. मी रंग घिऊ हातात? मला न्हाई जमायचं.’’

नीला उठली आणि परत गेली.

साळूबाईंच्या ओसरीवर सगळ्यांसमोर तिनं आधी मराठीत सांगितलं की नकाशा अर्धा आहे, विहिरीमागची गल्ली त्यात नाही, हा फोटो ग्रामसभेत चालणार नाही. साळूबाईंचा हात ताटावरच थांबला.

‘‘काहून न्हाई चालत? तुमीच शिकिवलं ना, बायांनी काढलं त्येच खरं म्हनून? सायबाचा नकाशा खोटा आन् आमचा खरा. मंग आता तुमीच खोटा म्हन्ता?’’

‘‘साळूबाई, ती घरं आहेत ना तिथं.’’

‘‘हायेत. आमाला काय ठाव न्हाई? म्या इचारलं व्हतं फोनवर, फुडं ढकलायचं का म्हनून. तुमी म्हन्ल्या, न्हाई. आन् आता आमच्या कोपऱ्यावर नळ आल्यावर तुमाला ती गल्ली दिसली व्हय?’’

एकही शब्द खोडण्यासारखा नव्हता. तिनं वळून अकिन्यीबाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं. सुतक म्हणजे काय, गल्ली कशी गेली, आणि मघाशी रस्त्याबद्दल विचारलं तेव्हा आपण वेळ कशी मारून नेली, तेही सांगितलं. ‘‘माझं प्रकरण काढून टाका. रांगोळीमुळं पुरुष बाहेर राहतात म्हणून मी नाचत होते. रांगोळीमुळं आणखी कोण कोण बाहेर राहतं, हे मी बघितलंच नाही. शहागडच्या त्या फोटोत कोण नाही, हे मला आजही माहीत नाही. आणि तो फोटो तर कुठं कुठं जाऊन पोचलाय.’’

अकिन्यीबाईंनी हातातली वही मिटली. नीलाला वाटलं, झालं, संपलं. मग त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही कबरीपासून सुरुवात करतो. मला त्याचा अभिमान होता. आमच्या नकाशात मेलेलं माणूसही सुटत नाही, असं मी वर्गात सांगते. पण आमच्याकडच्या मोठ्या तळ्याला पूर आला तेव्हा कितीतरी कुटुंबं उठून आमच्या गावात आली. भाड्यानं राहतात. त्यांची एकही कबर गावात नाही. ती माणसं आमच्या एकाही नकाशात नाहीत, नीला. इतकी वर्षं झाली. हे मला आत्ता तुझ्या बोलण्यावरून कळलं.’’ आणि मग एकदम उठून उभ्या राहिल्या. ‘‘मला त्या बाईंकडं घेऊन चल.’’

त्या निघाल्या तशी जन्नतबी निघाल्या, चार-पाच बाया निघाल्या. सुतकाच्या घरी भेटायला जायला आडकाठी नसतेच, घरी येऊन अंघोळ करायची की झालं. साळूबाई सगळ्यांच्या मागून आल्या, तोंड फुगवून.

गिरिजाबाई ओसरीवरच होत्या. अकिन्यीबाईंनी हात जोडले. मग त्यांनी दारातल्या लिंबाखालून एक काडी उचलली आणि आपल्या चांगल्या कपड्यांची पर्वा न करता खाली मातीत बसल्या. आधी एक छोटा लांबट चौकोन काढला. त्याच्या शेजारी मोठा चौकोन.

‘‘ही माझी आई,’’ छोट्या चौकोनावर काडी ठेवून त्या म्हणाल्या. ‘‘आणि हे तिचं घर.’’

नीलानं सांगितलं. गिरिजाबाई ओसरीवरून वाकून बघायला लागल्या.

‘‘घराशेजारीच निजवलंय?’’

‘‘हो. अंगणातच.’’

‘‘मंग एकटं वाटत नसंल तिला,’’ गिरिजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. गेल्या आठवड्यात त्या रडल्या नसतील असं नाही, पण हे रडणं वेगळं होतं. अकिन्यीबाईंनी काडी तशीच त्यांच्यापुढं धरली.

काडी म्हणजे रांगोळी नव्हे. गिरिजाबाई ओसरी उतरून खाली आल्या. त्यांनी पहिली रेघ ओढली ती मसणवट्याच्या रस्त्याची. ‘‘हितून नेलं आमच्या कौसल्येला.’’ त्या रेघेला लागून मग विहीर आली. विहिरीमागं एकेक घर यायला लागलं. कोणाकडं म्हातारं माणूस, कोणाकडं बाळंतीण, कोण कुठून पाणी आणतं, सगळं काडीबरोबर तोंडानं चाललं होतं. कौसल्याबाईंच्या घरापाशी काडी थांबली. तिथं त्यांनी घर काढलं आणि दाराची जागा मोकळी ठेवली.

एवढ्यावर त्या थांबतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांची काडी विहीर ओलांडून पुढं निघाली. ओढा आला, पार आला, जन्नतबींची गल्ली आली. मग वळण घेऊन त्यांनी कोपऱ्यावर एक मोठं घर काढलं, पुढं ओसरी, मागं गोठा.

‘‘हे तुजं, साळू,’’ त्या मान वर न करता म्हणाल्या. ‘‘तुज्या सुनंला दिवस गेलेत ना? तुज्याकडनं बी पानी लांबच पडतंय बाई.’’

साळूबाई इतका वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या. मातीतल्या आपल्या घराकडं त्यांनी पाहिलं, मग विहिरीमागच्या घरांच्या रांगेकडं पाहिलं. ‘‘म्या तुजं न्हाई काढलं, गिरिजे,’’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. बाकीच्या बायांनी नजरा खाली घातल्या, कारण त्यांनीही काढलं नव्हतं. नीलाला त्या घोळक्यात स्वतःची वेगळी लाज वाटायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत रामकिसन फोटो दाखवायला लागले तेव्हा साळूबाईच उठल्या. ‘‘फोटू ऱ्हाऊ द्या. तिसरा नळ इहिरीमागं. कोपऱ्याचं आमी बघून घिऊ,’’ असं म्हणून खाली बसल्या. पुरुषांत कुजबुज झाली, पण उठून बोलायची हिंमत कोणाची झाली नाही.

जाताना गाडीत अकिन्यीबाईंनी विचारलं, ‘‘प्रकरण काढून नाही टाकायचं. पण मथळा काय देऊ? तुझं नाव मथळ्याखाली आहेच.’’

परतूर मागं पडलं. नाव नीलाला हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं. कोणीतरी, कुठंतरी, जालन्याचं माणूस म्हणून आपलं नाव घ्यावं, यासाठीच ती इतकी वर्षं चिडत आली होती. पण त्या नावाखाली आता काय छापायचं? रांगोळीचा नकाशा? की काडीचा, जो मुळात तिचा नव्हताच?

‘‘पद्धत लिहू नका,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘एक प्रश्न लिहा. नकाशा पुरा झाला असं वाटलं की थांबायचं आणि विचारायचं, आज इथं कोण येऊ शकलं नाही, आणि का. एवढंच लिहा. माझं नाव खालून काढा. बायांचं म्हणा.’’

‘‘प्रश्नावर कोणाचं नाव राहत नाही, नीला. फिरत फिरत कुठून आला ते लोक विसरतात.’’

‘‘माहीत आहे,’’ नीला म्हणाली. तिला वाईट वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

हस्तपुस्तक पावसाळ्यात आलं. प्रश्न शेवटच्या पानांत होता, एका चौकटीत, आणि खाली ‘आष्टी आणि किसुमूच्या बायांकडून’ इतकंच. नीलानं तो वर्गात फळ्यावर मराठीत लिहिला आणि त्याच्यावर तासभर बोलली. कोणत्याही पाहणीत, कोणत्याही मोजणीत, जे माहीत आहे तेच कसं निसटतं, ते तिनं जीव तोडून सांगितलं. पोरं लिहून घेत होती. तास संपताना अद्वैत नावाच्या मुलानं हात वर केला.

‘‘मॅडम, हा विचार कोणत्या देशातला? परीक्षेत लिहावं लागेल.’’

‘‘परतूर तालुक्यातला,’’ नीला म्हणाली.

सगळा वर्ग खो खो हसला. मॅडम कधी नव्हे ते विनोद करतायत म्हणून मागच्या ओळींत बाकं वाजली. अद्वैतही हसला आणि त्यानं देशाची जागा कोरी सोडून वही मिटली.

एक मुलगी तेवढी हसली नाही. गंधाली तिचं नाव. मूळची आष्टीची, विहिरीमागच्या गल्लीतली, इथं हॉस्टेलला राहायची, वर्गात फारशी कधी बोलायची नाही. हसणं ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग जागेवरच उभी राहिली.

‘‘कोणत्या गल्लीतला, मॅडम?’’ तिनं विचारलं.